पीयूषिका ग्रंथीच्या गाठी आणि जनुकबदल केलेले उंदीर: जोडी लावण्यापासून स्लाइड वाचण्यापर्यंत

पीयूषिका ग्रंथीच्या, म्हणजे पिट्यूटरीच्या, गाठींवर नव्याने काम सुरू करणारे विद्यार्थी वर्ष-दीड वर्ष उंदीर सांभाळतात आणि शेवटी हाती आलेली स्लाइड कशाशी ताडून पाहायची हेच त्यांना उमगत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे. दोष बहुतेक वेळा चिरफाडीच्या किंवा रंजनाच्या कौशल्यात नसतो. पहिल्या महिन्यात घेतलेल्या, अथवा घ्यायच्या राहून गेलेल्या, निर्णयांत असतो. या गाठी सावकाश वाढतात, त्यामुळे चूक ध्यानात येते तोवर तिच्यापायी कितीतरी प्राण्यांचे जीव गेलेले असतात. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत, आणि जिथे तपासणी दिली आहे तिथे ती पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा १: खंड, पेशी आणि वय कागदावर लिहून काढा

उंदराच्या पीयूषिकेचे तीन खंड असतात: पुढचा, मधला आणि मागचा. पुढच्या खंडात वृद्धिसंप्रेरक, प्रोलॅक्टिन (दूध बनवण्याशी संबंधित), एसीटीएच (अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे), टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे) आणि प्रजननाशी संबंधित संप्रेरके बनवणाऱ्या पेशी असतात. मधल्या खंडात मेलानोट्रोफ, म्हणजे एमएसएच हे संप्रेरक बनवणाऱ्या, पेशी असतात. उंदरात हा मधला खंड ठसठशीत असतो. प्रौढ माणसात मात्र त्याचे केवळ अवशेष उरतात. हा एक फरक विसरल्यामुळे जितके निष्कर्ष फसले आहेत तितके दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने फसले नसावेत, असे माझे मत आहे.

त्यामुळे उंदीर मागवण्यापूर्वी एका कागदावर तीन उत्तरे लिहावीत. पहिले, गाठ कोणत्या खंडात हवी आहे? दुसरे, ती कोणत्या पेशीची हवी आहे? तिसरे, अभ्यास गाठीच्या कोणत्या अवस्थेचा करायचा आहे: पेशींची नुसती वाढ झालेली असताना, सूक्ष्म गाठ असताना, की मोठी गाठ मेंदूवर दाब देऊ लागल्यावर? ‘पिट्यूटरी ट्यूमरचा अभ्यास’ एवढेच उत्तर असेल तर प्रयोग अजून ठरलेला नाही.

टप्पा २: प्रश्नाला साजेसे मॉडेल निवडा

येथे घाई करू नये. सहज उपलब्ध असलेले मॉडेल आणि योग्य मॉडेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेशींच्या विभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी-१ जनुकाची एकच प्रत शाबूत असलेले उंदीर १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही सर्वाधिक वापरात आहेत. दोन्ही प्रती नसलेले भ्रूण गर्भातच मरतात. एक प्रत असलेल्या उंदरांत उरलेली प्रतही पेशीत हरवते आणि मधल्या खंडात मेलानोट्रोफ पेशींची गाठ होते. जवळजवळ प्रत्येक उंदरात ती होते आणि साधारण वर्षभरात जीव घेते. कोशिकाचक्रावरचा ताबा सुटल्यावर गाठ कशी बनते, या प्रश्नासाठी हे मॉडेल उत्तम आहे. माणसातील कुशिंग आजाराची (पीयूषिकेची गाठ अतिरिक्त एसीटीएच बनवते तो आजार) प्रतिकृती म्हणून ते मांडू नये. आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमा (आरबी-१ मधील दोषाने होणारा डोळ्याचा कर्करोग) असलेल्या माणसांमध्ये पीयूषिकेच्या गाठी नेहमीच्या नाहीत, हेही ध्यानात असावे.

कोशिकाचक्राला आवर घालणारे पी-२७ जनुक पूर्ण काढलेल्या उंदरांतही मधला खंडच वाढतो. १९९६ मध्ये तीन गटांनी हे उंदीर स्वतंत्रपणे मांडले. त्यांचे शरीर आणि अनेक अवयव मोठे असतात, म्हणून ग्रंथीचे नुसते वजन देऊन भागत नाही. शरीराच्या वजनाशी असलेले प्रमाणही द्यावे लागते. या माद्यांना पिल्ले होत नाहीत, याचा हिशेब जोड्या लावताना ठेवावा. पी-२७ आणि पी-१८ ही दोन्ही जनुके नसतील तर गाठ फार लवकर येते आणि उंदीर काही महिन्यांतच दगावतो. थोड्या मुदतीच्या प्रयोगाला याचा उपयोग होतो, पण प्रारंभीच्या अवस्था पाहायला अवधी फार कमी मिळतो.

पुढच्या खंडातील गाठ हवी असेल तर मेन-१ जनुकाची एक प्रत गमावलेले उंदीर पाहावेत. त्यांत प्रामुख्याने प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठी होतात, माद्यांत अधिक. परंतु त्यासाठी वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबावे लागते आणि दरम्यान स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या गाठीही वाढत असतात. डोपामाइनचा डी-२ रिसेप्टर नसलेल्या माद्यांत आधी प्रोलॅक्टिन पेशींची सार्वत्रिक वाढ दिसते, गाठ पुष्कळ उशिरा, साधारण दीड वर्षाच्या सुमारास येते. वृद्धिसंप्रेरकाच्या गाठींसाठी जीएचआरएच हे संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात बनवणारे ट्रान्सजेनिक (बाहेरचे जनुक घातलेले) उंदीर आहेत. त्यांतही वाढ आधी आणि गाठ नंतर असाच क्रम असतो. एआयपी जनुकाची एक प्रत गमावलेल्या उंदरांबाबत मात्र विशेष जपावे. २०१० च्या वर्णनात जवळजवळ सर्व उंदरांत गाठी आढळल्या होत्या, तर नंतर दुसऱ्या गटाच्या उंदरांत १२ महिन्यांपर्यंत परिणाम अगदी सौम्य दिसला. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतील टक्केवारी आपल्या प्राणिगृहात जशीच्या तशी उतरेल असे धरून चालू नये.

माणसात शस्त्रक्रियेने काढल्या जाणाऱ्या संप्रेरक न स्रवणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य गोनॅडोट्रोफ, म्हणजे प्रजननाची संप्रेरके बनवणाऱ्या, पेशींच्या असतात. त्यांच्याशी तंतोतंत जुळणारे समाधानकारक उंदीर-मॉडेल मला माहीत नाही. प्रश्न तोच असेल तर मानवी ऊतींवर काम करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

*तपासणी:* निवडलेल्या मॉडेलसमोर खंड, पेशी, गाठ दिसण्याचे अपेक्षित वय, अधिक प्रमाण असलेले लिंग आणि इतर अवयवांतील गाठी अशा पाच नोंदी भरता येतात का? एकही जागा रिकामी राहिली तर वाचन अपुरे आहे.

टप्पा ३: परवानग्या

भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगविषयक नियम लागू आहेत. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हवीच; शिवाय जनुकबदल केलेला प्राणी असल्याने १९८९ च्या नियमांनुसार जैवसुरक्षा समितीकडेही अर्ज करावा लागतो. परदेशातून उंदीर आणायचे तर आयात परवाना, विलगीकरण आणि आरोग्य तपासणी यांत काही महिने सहज जातात. पुण्याच्या आयसरमध्ये जनुकबदल केलेले उंदीर तयार करण्याची राष्ट्रीय सुविधा आहे. बाहेरून मागवण्याआधी देशातच चौकशी करावी. अर्जात मानवीय अंतबिंदू, म्हणजे कोणते लक्षण दिसताच प्राण्याला वेदनामुक्त मरण द्यायचे, हे नेमक्या शब्दांत लिहावे.

टप्पा ४: जनुकीय पार्श्वभूमी आणि तुलनेचे प्राणी

एकच जनुकबदल वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळा वागतो. आरबी-१ च्या उंदरांत १२९ आणि सी-५७ ब्लॅक-६ या वंशांत गाठ येण्याचा वेग आणि उंदरांचे आयुर्मान बदलते. मिश्र वंशाचे उंदीर आले असतील तर निदान काही पिढ्या एकाच वंशाशी परतसंकर करावा, म्हणजे त्याच वंशाशी पुन्हा पुन्हा जोडी लावावी. परंपरेने दहा पिढ्या मोजल्या जातात. डीएनए चिन्हकांच्या मदतीने पिढ्या निवडल्यास सुमारे पाच पिढ्यांत काम होते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुलनेचे प्राणी. ते एकाच वेतातील भावंडे असावेत. बाहेरून विकत आणलेले ‘सामान्य’ सी-५७ उंदीर तुलनेला घेणे ही चूक अजूनही सर्रास होते. त्यांचा उपवंश वेगळा असतो, आतड्यांतील जंतू वेगळे असतात, त्यांनी प्रवास केलेला असतो, आणि आईचे दूध व वेताचा आकारही वेगळा असतो. शिवाय सामान्य उंदीरही म्हातारपणी निर्दोष राहत नाही. सी-५७ आणि एफव्हीबी वंशाच्या वयस्क माद्यांत प्रोलॅक्टिनच्या गाठी किंवा पेशींची वाढ आपोआप होते. अठरा महिन्यांच्या जनुकबदल केलेल्या मादीत गाठ सापडली, पण त्याच वयाची तिची सामान्य बहीण तपासली नाही, तर त्या शोधाचा अर्थ लावता येत नाही.

माद्यांबाबत आणखी तीन पथ्ये पाळावीत. गर्भारपणात आणि दूध पाजताना प्रोलॅक्टिन पेशी वाढतात, म्हणून व्यालेली मादी आणि कधीही न व्यालेली मादी एका गटात घालू नये. नराच्या मुत्राच्या वासाने माद्यांचे ऋतुचक्र बदलते, म्हणून सर्व गटांचे पिंजरे नरांपासून सारख्याच अंतरावर ठेवावेत. खाद्यातील सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये असतात आणि प्रोलॅक्टिन पेशी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतात. त्यामुळे अशी द्रव्ये कमी असलेले एकच खाद्य पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत द्यावे. मध्येच पुरवठादार बदलला तर ती तारीख नोंदवून ठेवावी.

टप्पा ५: जोड्यांचे गणित आधी मांडा

समजा आरबी-१ ची एक प्रत असलेल्या २४ माद्या हव्या आहेत. एक प्रत असलेला नर आणि सामान्य मादी अशी जोडी लावावी. पिल्लांपैकी निम्मी हवी ती निघतील आणि त्यांतील निम्म्या माद्या असतील, म्हणजे ९६ पिल्ले लागतील. वेतामागे सहा पिल्ले दूध तोडण्यापर्यंत जगतात असे धरले तर १६ वेते झाली. त्याच वेतांतून २४ सामान्य बहिणीही मिळतात, म्हणून तुलनेसाठी वेगळी पैदास लागत नाही. दोन्ही बाजूंनी एक प्रत असलेली जोडी मात्र लावू नये: चौथा भाग भ्रूण गर्भात मरतात, आईला त्याचा त्रास होतो आणि हाती काहीच लागत नाही.

क्रे-लॉक्स पद्धतीत (क्रे हे प्रथिन लॉक्स या दोन खुणांमधला जनुकाचा तुकडा कापून टाकते) हिशेब अधिक कठीण होतो. एका बाजूस दोन्ही अलील (जनुकाच्या प्रती) लॉक्स असलेला पालक आणि दुसऱ्या बाजूस एक लॉक्स व क्रे असलेला पालक घेतला तर हवी ती पिल्ले चौथा भाग, आणि एकाच लिंगाची आठवा भाग. २० माद्यांसाठी १६० पिल्ले लागतील. त्यात दहा-पंधरा टक्के वाढ धरावी, कारण वर्षभरात काही उंदीर दात वाढून, भांडून किंवा त्वचेच्या जखमांनी गळतात.

*सावधान:* हे गणित करून प्राण्यांची संख्या जागेत व निधीत बसत नसेल तर प्रश्न लहान करावा, गट लहान करू नये. चार-चार उंदरांचे गट करून काढलेला निष्कर्ष त्या चार जिवांचाही उपयोग करून घेत नाही.

टप्पा ६: जीनोटायपिंग (जनुकतपासणी) दोनदा

पिल्लांचे दूध २१ व्या दिवशी तोडताना कानाला खूण करून कानाचा तुकडा डीएनएसाठी घ्यावा. पीसीआर अशी आखावी की सामान्य अलील आणि बदललेला अलील या दोहोंच्या पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या दिसतील. ‘पट्टी आली नाही म्हणजे जनुक नाही’ असा निष्कर्ष काढावा लागेल अशी रचना करू नये. प्रत्येक जेलवर ओळखीचे तीन नमुने आणि पाण्याचा एक नमुना असावाच. क्रेच्या उंदरांत लॉक्समधला तुकडा उडालेल्या अलीलसाठी तिसरी पीसीआर कानाच्या डीएनएवर करावी. कानातच तुकडा उडालेला दिसला तर क्रे जननपेशींत चालू झाला आहे, आणि तो उंदीर पीयूषिकेपुरता बदल केलेला राहिलेला नाही.

उंदीर मारल्यानंतर शेपटीचे टोक घेऊन जीनोटायपिंग पुन्हा करावे. मला ही सवय एका प्रसंगाने लागली. चौदा महिन्यांनी एका ‘सामान्य’ मादीत मधल्या खंडाची भलीमोठी गाठ निघाली आणि तिच्या शेजारच्या पिंजऱ्यातील ‘आरबी’ मादीची ग्रंथी अगदी स्वच्छ निघाली. शेपटीच्या तुकड्यांवरून कळले की पिंजरे धुण्याच्या दिवशी दोघींची कार्डे बदलली होती. पुन्हा तपासले नसते तर एक खोटा आणि मोठा धक्कादायक निकाल माझ्या वहीत कायमचा राहिला असता.

टप्पा ७: क्रे कुठे चालतो ते स्वतः पाहा

पॉम्सी-क्रे, म्हणजे पॉम्सी जनुकाच्या प्रोमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या भागावर) बसवलेला क्रे, केवळ पीयूषिकेत चालत नाही. तो हायपोथॅलॅमसमधील आर्क्युएट केंद्रातील चेतापेशींतही चालतो, आणि त्या पेशी भूक ठरवतात. अशा उंदराचे वजन बदलले तर ते गाठीमुळे की भुकेमुळे, हे सांगता येत नाही. उलटपक्षी, स्वादुपिंडासाठी वापरला जाणारा इन्सुलिन प्रोमोटरचा क्रे मेंदूत आणि पीयूषिकेत झिरपतो. मेन-१ च्या उंदरांत त्यामुळे पीयूषिकेतही गाठी उद्भवल्याचे नमूद आहे. म्हणून निवडलेला क्रे क्रे चालला त्या पेशींना लाल रंग देणाऱ्या रिपोर्टर उंदराशी जोडून पीयूषिका, हायपोथॅलॅमस, अधिवृक्क, स्वादुपिंड आणि जननग्रंथी यांचे छेद स्वतः पाहावेत. प्रयोगात ‘फक्त क्रे’ असलेला तुलनेचा गटही ठेवावा, कारण क्रे प्रथिन स्वतःच काही वेळा पेशींना अपाय करते.

टॅमॉक्सिफेनने चालू होणारा क्रे वापरणार असाल तर येथे क्षणभर थांबावे. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन रिसेप्टरवर काम करते आणि पीयूषिकेतील प्रोलॅक्टिन पेशी त्याच रिसेप्टरच्या आज्ञेत असतात. म्हणजे ज्या ऊतीचा अभ्यास करायचा तिलाच हे औषध धक्का देते. म्हणून सर्व गटांना, तुलनेच्या भावंडांनाही, तितकेच टॅमॉक्सिफेन त्याच दिवशी द्यावे आणि संप्रेरकांचे कोणतेही मापन करण्यापूर्वी काही आठवडे जाऊ द्यावेत. प्रोलॅक्टिन हाच मुख्य विषय असेल तर डॉक्सीसायक्लिनवर चालणारी रचना शोधावी.

टप्पा ८: वाट पाहण्याचे महिने

दर आठवड्याला वजन घ्यावे आणि सहा महिन्यांनंतर ते आठवड्यातून दोनदा घ्यावे. गाठ मोठी झाली की उंदीर पाठीत पोक काढून बसतो, केस विस्कटलेले राहतात, डोक्याचा कपाळाकडचा भाग फुगीर दिसतो, मान एका बाजूला कलते किंवा तो गोल गोल फिरू लागतो. यांतले एकही लक्षण दिसले, अथवा वजन मंजूर मर्यादेपलीकडे घटले, तर त्याच दिवशी निर्णय घ्यावा. ‘उद्या सकाळी पाहू’ म्हणून ठेवलेला उंदीर सकाळी पिंजऱ्यात मेलेला आढळतो. त्याला रात्रभर वेदना होतात आणि ग्रंथी कुजल्याने छेदही वाया जातात.

प्राणी जिवंत ठेवून गाठ मोजायची तर उच्च क्षमतेच्या चुंबकीय यंत्रावर, ७ टेस्ला किंवा त्याहून अधिक, गॅडोलिनियम देऊन एमआरआय करता येते. सामान्य पीयूषिका तीनएक मिलिमीटर रुंद आणि दोनएक मिलिग्रॅम वजनाची असते, म्हणून सूक्ष्म गाठ एमआरआयवर दिसेल अशी आशा धरू नये. पॉम्सी प्रोमोटरवर लुसिफरेज (प्रकाश निर्माण करणारे प्रथिन) बसवलेल्या आरबी-१ च्या उंदरांत गाठीचा प्रकाश मोजण्याची पद्धतही आहे. त्या पद्धतीत वाढीचा कल चांगला कळतो, आकार नाही.

*सावधान:* मेन-१ च्या उंदरांना रक्त घेण्यापूर्वी रात्रभर उपाशी ठेवू नये. स्वादुपिंडातील गाठी इन्सुलिन स्रवत असतात. रक्तातील साखर घसरून उंदीर दगावतो.

टप्पा ९: रक्त आणि संप्रेरके

पीयूषिकेची संप्रेरके तासातासाला बदलतात, किंबहुना वृद्धिसंप्रेरक काही मिनिटांत बदलते. एकदाच घेतलेल्या नमुन्यावर वृद्धिसंप्रेरकाचा निष्कर्ष काढू नये. वृद्धिसंप्रेरकाच्या प्रभावाने बनणारे आयजीएफ-१ मोजावे, किंवा शेपटीच्या टोकातून थोड्या थोड्या वेळाने अत्यल्प रक्त घेण्याची पद्धत शिकून घ्यावी. कॉर्टिकोस्टेरोन, म्हणजे उंदराचे ताणाचे संप्रेरक, दिवे मालवण्याच्या सुमारास शिखर गाठते, म्हणून सर्व नमुने एकाच वेळी घ्यावेत, आणि पिंजऱ्याला हात लावल्यापासून दोन-तीन मिनिटांत नमुना नळीत पडला पाहिजे. शेजारच्या पिंजऱ्यातील उंदीर पकडताना याही उंदराचा ताण वाढतो. म्हणून एका वेळी एकच पिंजरा वेगळ्या खोलीत न्यावा. प्रोलॅक्टिनही ताणाने वाढते आणि ऋतुचक्राच्या प्रोइस्ट्रस (बीज सुटण्याआधीच्या) अवस्थेत दुपारनंतर उसळते. माद्यांचा योनिस्राव रोज तपासून अवस्था नोंदवल्याशिवाय आकडे ताडून पाहू नयेत.

एसीटीएचसाठी ईडीटीएची थंड नळी वापरावी, प्लाझ्मा थंड अपकेंद्रित्रात लगेच वेगळा करावा आणि उणे ८० अंशांत ठेवावा. माणसाच्या प्रोलॅक्टिनचा संच उंदराच्या रक्ताला चालत नाही. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त दोन मिलिलिटरच्या आत असते. एका वेळी त्याच्या दहाव्या भागाहून अधिक घेऊ नये.

टप्पा १०: ग्रंथी बाहेर काढणे

हा टप्पा हाताचा आहे, आणि तो सामान्य उंदरांवर दहा-बारा वेळा सराव केल्याशिवाय प्रयोगाच्या उंदरावर करू नये. सरावासाठी दुसऱ्या मंजूर प्रयोगातून आधीच मारले गेलेले उंदीर मागून घ्यावेत.

डोक्याची कातडी मागून पुढे सोलावी. मानेच्या भोकातून बारीक कात्रीचे टोक कवटीच्या आतील बाजूस टेकवून दोन्ही कडांनी कापत डोळ्यांपर्यंत यावे आणि टाळू झाकणासारखी उचलावी. कात्रीचे टोक वर धरावे. ते खाली गेले तर मेंदू फाटतो. आता मेंदू पुढून, घ्राणकंदांखाली बोथट चमचा घालून, हळूहळू मागे उलटवावा. दृक्-चेता दिसताच त्या कापाव्यात, ओढू नयेत. सामान्य उंदरात या वेळी पीयूषिका कवटीच्या तळाशी खोबणीत बसलेली दिसते: दोन्ही बाजूंना गुलाबी पंख आणि मधोमध पांढरट ठिपका. तो ठिपका म्हणजे मागचा खंड.

गाठ मोठी असेल तर चित्र वेगळे असते. तांबूस, रक्ताने भरलेला गोळा हायपोथॅलॅमसला चिकटलेला असतो आणि मेंदू उलटवताच अर्धा वर निघून येतो. असे दिसताच थांबावे, मेंदूसकट छायाचित्र घ्यावे आणि मेंदू व कवटीचा तळ एकत्रच स्थिरीकरणाच्या (ऊती टिकवणाऱ्या) द्रावणात टाकावेत. कवटीचे हाड नंतर ईडीटीएने मऊ करता येते. मोठी गाठ मोकळी करण्याच्या हट्टात तिचे आणि मेंदूचे नाते, म्हणजे आक्रमणाचा एकमेव पुरावा, हरवतो.

लहान ग्रंथी काढताना तिच्यावरचा पातळ पडदा सुईने बाजूने सोडवावा, दोन्ही कडांच्या जाड ट्रायजेमिनल चेता ओळखून बाजूला साराव्यात आणि ग्रंथीखाली वाकडा चिमटा सरकवून ती उचलावी. चिमट्यात पकडू नये. ट्रायजेमिनलचा तुकडा ग्रंथी समजून गोठवल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. वजन लगेच करावे, कारण इतक्या लहान ऊतीचे पाणी मिनिटभरात उडते.

स्थिरीकरणासाठी चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड किंवा बफरयुक्त फॉर्मेलिन पुरते. ग्रंथी कॅसेटच्या भोकांतून निसटते, म्हणून ती अगरोजच्या थेंबात बसवावी, आणि अशी आडवी बसवावी की छेदात तिन्ही खंड एकत्र दिसतील. आरएनएसाठी हवी असेल तर ती निराळ्या उंदराची घ्यावी. एकाच ग्रंथीचे दोन भाग करण्याच्या प्रयत्नात गाठ कोणत्या भागात गेली हे कळत नाही.

टप्पा ११: स्लाइड वाचणे

गाठ एका छेदात दिसली नाही म्हणजे नाही, असे नव्हे. चार-पाच मायक्रॉनचे छेद संपूर्ण ग्रंथीतून ठरावीक अंतरावर घ्यावेत आणि ते अंतर सर्व उंदरांसाठी एकच असावे. आरबी-१ च्या उंदरांत तीन-चार महिन्यांतच मधल्या खंडात विकृत पेशींचे लहान पुंजके दिसू लागतात आणि ते अशाच सलग छेदांत सापडतात.

गाठ आणि पेशींची नुसती वाढ यांत फरक करण्यासाठी रेटिक्युलिन रंजन अनिवार्य आहे. सामान्य ग्रंथीत रेटिक्युलिनचे धागे पेशींच्या लहान गटांभोवती जाळी विणतात. वाढ झालेल्या ग्रंथीत ही जाळी ताणून मोठी होते पण अखंड राहते; गाठीत ती तुटते आणि नाहीशी होते. नुसत्या हेमॅटॉक्सिलिन-इओसिनवर ‘अडेनोमा’ असा शब्द लिहू नये.

एसीटीएचच्या प्रतिपिंडाबाबत विशेष सावधगिरी बाळगावी. मेलानोट्रोफ पेशी पॉम्सी हेच पूर्वप्रथिन बनवतात. त्यापासून झालेले एसीटीएच त्या पुढे तोडतात आणि अल्फा-एमएसएच स्रवतात. पण एसीटीएचचा प्रतिपिंड पॉम्सीला चिकटतो आणि संपूर्ण मधला खंड तपकिरी रंगतो. तो रंग पाहून आरबी-१ च्या गाठीला कॉर्टिकोट्रोफ (पुढच्या खंडातील एसीटीएच बनवणाऱ्या पेशींची) गाठ ठरवणे हा या क्षेत्रातील सर्वांत जुना घोटाळा आहे. ओळख पटवण्यासाठी टीपिट आणि पॅक्स-७ ही पेशींची ओळख ठरवणारी दोन्ही प्रथिने पाहावीत: टीपिट कॉर्टिकोट्रोफ आणि मेलानोट्रोफ दोहोंत असतो, पॅक्स-७ मेलानोट्रोफमध्ये असतो. पुढच्या खंडातील वृद्धिसंप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि टीएसएचच्या कुळासाठी पिट-१, गोनॅडोट्रोफसाठी एसएफ-१ आणि विभाजनाचा वेग पाहण्यासाठी केआय-६७ वापरावा.

*तपासणी:* शाबूत प्रत हरवली आहे का, हे लेझरने वेचून काढलेल्या गाठीच्या पेशींवर पीसीआर करून दाखवावे. संपूर्ण ग्रंथीच्या डीएनएत सामान्य पेशी मिसळलेल्या असल्याने सामान्य पट्टी दिसतच राहते, आणि ‘प्रत हरवली नाही’ असा उलटा निष्कर्ष निघतो.

स्लाइड वाचणाऱ्याला जीनोटाइप माहीत असू नये. क्रमांक दुसऱ्या व्यक्तीने द्यावेत आणि सर्व नोंदी पूर्ण होईपर्यंत यादी तिच्याकडेच राहावी.

टप्पा १२: आकडे आणि त्यांचा अर्थ

एकाच वेतातील भावंडे एकमेकांसारखी असतात, म्हणून आठ वेतांतील चाळीस पिल्ले म्हणजे चाळीस स्वतंत्र नमुने नव्हेत. विश्लेषणात वेत हा घटक धरावा. आयुर्मानाचे वक्र काढताना पीयूषिकेच्या गाठीखेरीज अन्य कारणाने मेलेले उंदीर, मग ते आरबी-१ मधील थायरॉइडच्या सी-पेशींच्या गाठीने असोत वा मेन-१ मधील इन्सुलिनच्या गाठीने, त्या दिवसापर्यंत अभ्यासात असलेले आणि तिथून पुढे न मोजलेले (सेन्सॉर्ड) म्हणून नोंदवावेत. ते मुळातून गाळणे चुकीचे आहे. त्यासाठी प्रत्येक मृत उंदराची पूर्ण शवचिकित्सा व्हायला हवी: पीयूषिका, थायरॉइड, पॅराथायरॉइड, स्वादुपिंड, अधिवृक्क. वर्षभरानंतर ‘कारण अज्ञात’ असा शेरा पाच-सहा उंदरांपुढे लिहावा लागला तर वक्राचा शेवटचा भाग विश्वासार्ह राहत नाही.

नर आणि माद्यांचे निकाल वेगळे द्यावेत, जरी एका लिंगात काहीच आढळले नसेल तरीही. लेखात वंश आणि उपवंश, कितवा परतसंकर, खाद्य, प्रकाशाचे तास, रक्त घेण्याची वेळ आणि गळालेल्या प्रत्येक उंदराचे कारण लिहावे. उरलेल्या गोठवलेल्या ग्रंथींच्या नळीवर केवळ क्रमांक लिहू नये. जन्मतारीख, मृत्यूची तारीख, लिंग, वेताचा क्रमांक, मृत्यूनंतरचे जीनोटाइप आणि ग्रंथीचे वजन हे सारे उणे ८० अंशांत टिकणाऱ्या लेबलवर लिहावे, आणि हीच यादी वहीत दुसऱ्या जागी उतरवून ठेवावी. उंदरांची ओळ बंद करण्यापूर्वी दोन-तीन नरांचे शुक्राणू गोठवून घ्यावेत. समीक्षकाने आणखी एक वयोगट मागितला तर त्याच ओळीतून पुन्हा पैदास सुरू करता येते.